यंत्रमागांवरील तीन वर्षांचे छायाचित्रकाम: वीस मिनिटांच्या भेटीत अनुभवी व्यक्तीला काय दाखवावे?

धोटा

नमस्कार. मी इचलकरंजीचा रहिवासी आहे. आमच्या घरी पूर्वी चार साधे यंत्रमाग होते आणि वडील ते स्वतः चालवत असत. पुढे ते माग भंगाराच्या भावाने विकले गेले. त्यानंतर, गेली तीन वर्षे, मी गावातल्या वेगवेगळ्या शेडमध्ये बहुधा रात्रपाळीत जाऊन छायाचित्रे घेत आहे. धोट्यावर, म्हणजे आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यावर, चालणारे जुने माग जाऊन त्यांच्या जागी बिनधोट्याचे रॅपियर आणि एअरजेट माग येत आहेत, एकेक कामगार सहा-सहा, आठ-आठ माग सांभाळतो आहे, आणि हे सारे माझ्या डोळ्यांदेखत बदलत आहे, म्हणून त्याची नोंद ठेवावी एवढाच हेतू सुरुवातीला होता. आज संगणकात नऊ हजारांच्या आसपास चित्रे साठली आहेत.

पुढील महिन्यात एका छायाचित्र महोत्सवात पोर्टफोलिओ रिव्ह्यूसाठी, म्हणजे जाणकारांना आपले काम दाखवून अभिप्राय घेण्याच्या भेटींसाठी, माझी निवड झाली आहे. चार रिव्ह्यूअर असतील आणि प्रत्येकासमोर वीस मिनिटे बसायला मिळेल. घंटा वाजली की उठून पुढच्या टेबलाकडे जायचे, अशी ती पद्धत असल्याचे कळले.

मी हे विचारण्याचे कारण असे, की माझ्या कामावर आजवर मिळालेला अभिप्राय वेगळ्या जातीचा आहे. दोन वर्षे मी एका छायाचित्र क्लबाच्या मासिक बैठकांना जात होतो. तेथे पडद्यावर एक चित्र येते, परीक्षक दहापैकी गुण देतात आणि डाव्या कोपऱ्यातली ट्यूबलाइट छाटली असती तर बरे झाले असते, असे सांगतात. त्या शिस्तीने माझा हात सुधारला, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. मात्र चाळीस चित्रे एकत्र ठेवली तर त्यांतून काय उभे राहते, हे तेथे कोणी विचारले नाही आणि मलाही विचारायचे सुचले नाही. दुसरीकडे, समाजमाध्यमांवर टाकलेल्या चित्रांखाली ‘अप्रतिम’ याखेरीज फारसे काही येत नाही.

किती चित्रे न्यावीत, छापून न्यावीत की टॅबवर दाखवावीत, स्वतः किती बोलावे, आणि चार जणांनी चार परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या तर कोणाचे ऐकावे, यावर या मंचावरील अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुनी फिल्म

धोटा, आपण टेबलाच्या ज्या बाजूला बसणार आहात तिच्या समोरच्या बाजूला मी काही वेळा बसलो आहे. अनेक वर्षे एका नियतकालिकात चित्रसंपादनाचे काम केल्यामुळे मला तशी बोलावणी येत असत. म्हणून तिकडून कसे दिसते ते सांगतो.

एका दिवसात रिव्ह्यूअरपुढे बारा-पंधरा जण येऊन जातात. दुपारनंतर डोळे थकलेले असतात. अशा वेळी कोणी साठ चित्रे घेऊन आला आणि प्रत्येक चित्राची जन्मकथा सांगू लागला, की वीस मिनिटे संपतात आणि मी त्याला उपयोगाचे एकही वाक्य सांगू शकत नाही. माझ्या मते आपण वीस चित्रे न्यावीत. बॅगेत आणखी दहा असू द्यावीत, पण ती विचारल्याखेरीज काढू नयेत. सुरुवातीला दोन मिनिटे बोलावे, पुढची आठ-दहा मिनिटे चित्रे पाहू द्यावीत आणि त्या वेळात गप्प राहावे. हे गप्प राहणे फार कठीण असते. समोरचा माणूस एखाद्या चित्रावर थांबला, एखादे झरझर बाजूला केले, एखाद्याकडे परत वळला, हे पाहणे म्हणजेच निम्मा अभिप्राय असतो, आणि बोलत राहणाऱ्या माणसाला तो दिसत नाही.

नऊ हजारांतून वीस कशी काढायची, या विचाराने दडपण येणे स्वाभाविक आहे. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक १९५५ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकाभर फिरले, तेव्हा त्यांनी सुमारे २७ हजार चित्रे घेतली होती आणि ‘द अमेरिकन्स’ या पुस्तकात ८३ ठेवली. त्या शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी वॉकर इव्हान्स या ज्येष्ठ छायाचित्रकाराची त्यांना मदत झाली होती, म्हणजे अनुभवी माणसाशी एकास एक बोलण्याची ही रीत महोत्सवांच्या पुष्कळ आधीची आहे. आपण चार बाय सहाच्या स्वस्त प्रिंट्स दीडशे-दोनशे काढा, घरातल्या फरशीवर पसरा आणि आठवडाभर तशाच राहू द्या. जाता-येता ज्या चित्राकडे पाहण्याचा कंटाळा येईल ते उचला.

टॅब नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. पडद्यावर चित्रे एकामागून एक येतात आणि त्यांचा क्रम आपण ठरवलेलाच राहतो. सुट्या प्रिंट्स टेबलावर असल्या की रिव्ह्यूअर त्या हलवतो, दोन चित्रे शेजारी ठेवून पाहतो, चार बाजूला सारतो. ती हालचाल म्हणजेच त्याचे मत असते. ती संपली की मोबाइलवर त्या मांडणीचे चित्र घ्यायला परवानगी मागा.

आणि प्रश्न ठरवून जा. ‘कसे वाटले?’ असे विचारलेत तर ‘छान आहे, करत राहा’ एवढेच ऐकू येईल. ‘यंत्रांची चित्रे आणि माणसांची चित्रे एकाच कामात बसतात का?’ असे विचारलेत तर उत्तर द्यावेच लागेल.

काळोखखोली

छपाईपुरते सांगतो. आठ बाय बारा इंच हा आकार टेबलावर हाताळायला सोयीचा पडतो. त्याहून मोठा घेतल्यास तीन चित्रांतच टेबल भरते. कागद मॅट घ्यावा, कारण हॉलमधल्या दिव्यांची झळाळी चकचकीत कागदावर चित्र पाहू देत नाही. शेडमधली रात्रीची चित्रे छापताना सावल्या हमखास बुडतात. म्हणून आधी दोन कठीण चित्रांची चाचणी प्रिंट काढून ती दिवसाच्या उजेडात पाहावी आणि मगच उरलेली द्यावीत. मागे पेन्सिलीने क्रमांक लिहावा. बाइंडिंग करू नये, प्लॅस्टिकच्या खिशांत घालू नये.

कोकणकडा

सर्वांच्या उत्साहावर पाणी ओतण्याची इच्छा नाही, पण दुसरी बाजू मांडणे आवश्यक वाटते. हा प्रकार आता एक बाजार झाला आहे. ह्युस्टनच्या फोटोफेस्टमध्ये १९८६ पासून अशा भेटी होत आल्या, फ्रान्समधल्या आर्लच्या महोत्सवातही होतात, आणि त्यांचे नमुने पाहून जगभर टेबले मांडली गेली. पुष्कळ ठिकाणी त्यासाठी शुल्क असते, त्यावर प्रवास आणि मुक्कामाचा खर्च. इचलकरंजीतल्या माणसाने वीस मिनिटांसाठी एवढे का मोजावे? कंबोडियातल्या अँगकोर महोत्सवाने २००५ पासून आशियातल्या तरुण छायाचित्रकारांसाठी विनाशुल्क कार्यशाळा चालवली आणि तेथे मार्गदर्शक कित्येक दिवस रोजच्या रोज चित्रे पाहत असत. अभिप्राय असा हवा. ज्या माणसाने आपल्याला कधी काम करताना पाहिले नाही, शेडमधला आवाज ऐकला नाही, तो टेबलापलीकडून काय सांगणार? त्यापेक्षा ज्यांचे काम आवडते अशा एखाद्या ज्येष्ठाला पत्र लिहून भेट मागावी. दहापैकी आठ जण उत्तर देणार नाहीत, पण जो देईल तो दोन तास बसेल.

धोटा

कोकणकडा, आपला आक्षेप रास्त आहे. माझ्या बाबतीत शुल्क माफ झाले असून केवळ प्रवासखर्च माझा आहे, अन्यथा मीही गेलो नसतो. जुनी फिल्म यांच्या सूचनेप्रमाणे कालपासून पुढच्या खोलीत एकशे ऐंशी चित्रे पसरली आहेत. आई त्यांच्यामधून पाय वाचवत चालते आणि हे कधी आवरणार, असे दिवसातून दोनदा विचारते. आणखी एक अडचण सांगायची राहिली. चारही रिव्ह्यूअरांशी इंग्रजीत बोलावे लागणार आहे. मी व्यवहारापुरते इंग्रजी बोलतो, पण या कामाबद्दल इंग्रजीत बोलू लागलो की माझीच वाक्ये मला परक्याची वाटतात.

तिरफळ

हा अनुभव मी पणजीत घेतला आहे, म्हणून लिहिते. माझे काम मानशीवरच्या, म्हणजे खाजन (बांध घालून भरतीपासून राखलेल्या) जमिनीच्या झडपांवरच्या मासेमारीचे होते. पहिल्या भेटीत मी इंग्रजी कलाविषयक लेखांतून उचललेले शब्द वापरले: स्मृती, अवकाश, विस्थापन. समोरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “झडप रात्री उघडते की दिवसा?” मी म्हटले, भरती-ओहोटीवर अवलंबून असते. त्यानंतरचे संभाषण खऱ्या अर्थाने सुरू झाले.

म्हणून माझी सूचना अशी, की आधी मराठीत तीन वाक्ये लिहा: मी कोठे जातो, तेथे काय घडते, मला त्यातले काय सोडवत नाही. मग त्यांचे साधे इंग्रजी करा. धोटा, कांडी, बीम, सायझिंग हे शब्द बदलू नका. ते समजावून सांगण्यात जो अर्धा मिनिट जाईल त्यात आपला आवाज आपोआप आपला होईल.

आणखी एक गोष्ट कोणी काढली नाही, ती काढते. कामगारांच्या छायाचित्रांबाबत आपल्याला हमखास विचारले जाईल, की यांना चित्रे दाखवली आहेत का, त्यांची संमती आहे का, आणि मालकाने पाहिली तर त्यांचे काय होईल. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांवर जे दीर्घ काम केले, ते पाहिलेल्या कोणत्याही रिव्ह्यूअरच्या मनात हा प्रश्न असणारच. त्याचे उत्तर तेथे गेल्यावर सुचत नाही.

कृष्णाकाठ

परस्परविरोधी मतांबद्दल थोडेसे. प्रत्येक रिव्ह्यूअर स्वतःच्या कामाच्या खिडकीतून पाहतो. वृत्तपत्राचा चित्रसंपादक बातमी शोधेल, प्रकाशक पाने मोजेल, गॅलरीचा माणूस भिंत पाहील. त्यांचे मतभेद हे बहुतेक वेळा आपल्या चित्रांबद्दल नसतातच. त्यामुळे बसण्यापूर्वी समोरची व्यक्ती रोज काय करते याची माहिती काढावी आणि प्रत्येकाला त्याच्या अखत्यारीतलाच प्रश्न विचारावा. चौघांनी एकाच चित्रावर बोट ठेवले, तर मात्र ती खूण गांभीर्याने घ्यावी, मग त्यांची कारणे एकमेकांशी न का जुळोत.

त्याच दिवशी काही पदरात पडेल, अशी अपेक्षा ठेवू नये. छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन १९६७ साली आपली रंगीत चित्रे घेऊन न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात तेथील छायाचित्र विभागाचे प्रमुख जॉन शारकोव्स्की यांना भेटले. शारकोव्स्कींना ते काम आवडले, तरी तेथे प्रदर्शन लागायला १९७६ उजाडले.

धोटा

परत आलो. थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे मिळालेल्या प्रत्येक सूचनेचा काही ना काही उपयोग झाला.

पहिले रिव्ह्यूअर वृत्तक्षेत्रातले होते. त्यांनी चित्रे भरभर पाहिली आणि माहितीबद्दल बरेच विचारले: वीजदर काय, मजुरी मीटरवर मिळते की पाळीवर, जुना माग भंगारात किती किलो भरतो. अर्ध्या प्रश्नांची उत्तरे मला ठाऊक होती. उरलेल्यांची नव्हती, आणि तीन वर्षे त्या शेडमध्ये वावरूनही ती विचारली नव्हती, हे तेथे बसल्यावर लक्षात आले. त्यांचे म्हणणे असे, की चित्रओळींशिवाय हे काम अपुरे आहे.

दुसऱ्या भेटीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ते गृहस्थ बहुतेक वेळ मोबाइल पाहत होते आणि शेवटी ‘प्रकाश सुंदर आहे’ असे म्हणाले. रात्रपाळीतल्या ट्यूबलाइटचा प्रकाश सुंदर असल्याचे मला प्रथमच कळले.

तिसरे रिव्ह्यूअर छायाचित्र-पुस्तके काढणारे होते. मी दोन मिनिटे बोललो आणि गप्प बसलो. त्यांनी वीस चित्रे टेबलावर मांडली, एकही शब्द न बोलता नऊ बाजूला सारली. सारलेल्या नऊपैकी आठ चित्रे यंत्रांची होती: साखळ्या, चाके, तेलाने माखलेले जुने लोखंड, खिडकीतून येणारी तिरीप. क्लबात मला सर्वाधिक गुण मिळवून देणारी चित्रे तीच होती. मी कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, की ही चित्रे यंत्रांबद्दलच्या कोणत्याही पुस्तकात जाऊ शकतात. ते वाक्य मला अजून टोचते, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे काही नाही.

चौथ्या भेटीत एक ज्येष्ठ छायाचित्रकार बाई होत्या. मी आधीच्या भेटीनंतर घाबरून यंत्रांची चित्रे कमी करून बॅगेतली दुसरी आत घातली होती. त्यांनी पाहता पाहता सहा चित्रे वेगळी काढली आणि एका ओळीत लावली. त्या सहांतही माणूस झोपलेला होता. कोणी कापडाच्या ताग्यांवर, कोणी सूत गुंडाळलेल्या बीमच्या आडोशाला, कोणी खाली पोते पसरून. मी ही चित्रे तीन वर्षांत वेगवेगळ्या रात्री, वेगवेगळ्या शेडमध्ये घेतली होती आणि ती एकत्र कधीच पाहिली नव्हती. माझ्या लेखी ती कामाच्या मधली विश्रांती होती. त्यांनी विचारले, की एवढ्या आवाजात यांना झोप लागते कशी? मी सहज उत्तर दिले, की आवाजाने त्यांना जाग येत नाही, आवाज थांबला की येते. सूत तुटून एखादा माग बंद पडला, की आठ मागांच्या गदारोळातला तेवढाच आवाज कमी झालेला त्यांना झोपेत कळतो. माझे वडील माग विकून कित्येक वर्षे झाली तरी रात्री पंखा बंद पडला की उठून बसतात.

बाईंनी चित्रांसोबत दिलेले माझे लेखी निवेदन पुन्हा वाचले आणि म्हणाल्या, की यात तर अस्तंगत होणाऱ्या उद्योगाबद्दल लिहिले आहे, आत्ता सांगितलेले कोठेच नाही. माझ्याकडे उत्तर नव्हते. घंटा वाजली. उठताना त्यांनी एवढेच विचारले, की वडिलांचे चित्र आहे का. नाही.

कोकणकडा म्हणतात ते खरेच आहे. ज्यांनी शेड पाहिलेली नाही ती माणसे शेडबद्दल मला काही शिकवू शकली नाहीत. पण जे मला इतके परिचयाचे होते की दिसतच नव्हते, ते त्यांना पहिल्या दहा मिनिटांत अपरिचित वाटले, आणि माझ्या कामाच्या दृष्टीने तेवढे पुरले.

जुनी फिल्म

उत्तम झाले. आता दोन कामे करावीत. आजच्या आज चारही भेटींतले आठवेल तेवढे लिहून काढा, मोबाइलवाल्या गृहस्थांचेही. आणि चौथ्या बाईंना आभाराचे छोटे पत्र पाठवा. त्यासोबत नवीन चित्रे पाठवू नका. सहा महिन्यांनी पाठवा, तेव्हा त्यांना हे सहा झोपलेले लोक आठवत असतील.

तिरफळ

वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट राहून राहून खुपते. झोपलेल्या माणसाने संमती कशी दिली? आणि पाळीत झोपलेला कामगार मालकाला चित्रात दिसणे, हे त्याच्या दृष्टीने काही साधे प्रकरण नव्हे. वडिलांपासून सुरुवात करता आली तर पाहावे.

कोकणकडा

मी माझे मत पूर्णपणे बदललेले नाही, पण तिसऱ्या आणि चौथ्या भेटीपुरते मागे घेतो.

धोटा

उशिरा उत्तर देत आहे. तिरफळ, आपला प्रश्न वाचून मी पुढचे काम थांबवले आणि झोपलेल्यांची सर्व चित्रे शोधली. सात माणसे निघाली. त्यांच्या लहान प्रिंट्स काढून एकेकाला भेटलो, पाळी सुटल्यावर, चहाच्या टपरीवर, मालकाच्या अपरोक्ष.

पाच जणांनी होकार दिला आणि दोघांनी नकार. नकार देणाऱ्यांपैकी एकाचे चित्र म्हणजे बाईंनी ओळीत सर्वांत आधी ठेवलेले, माझ्याही मते सर्वांत चांगले चित्र. ते मी काढून टाकले आहे. नकाराचे कारण मात्र मी समजत होतो ते नव्हते. आधी होकार दिलेल्या एकाने प्रिंट हातात घेतल्यावर स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. मागच्या मागाकडे बोट दाखवून हा चालू आहे की बंद, असे विचारले. मी म्हटले, सूत ठोकणारी फणी हलल्यामुळे पुसट आली आहे, म्हणजे चालू आहे. मग असू दे, असे तो म्हणाला. ज्याने नकार दिला त्याच्या चित्रातली फणी अगदी स्पष्ट, धारदार आली आहे. मला तर ती तशी आल्याचा अभिमान होता.

वडिलांना अद्याप विचारलेले नाही.